हाती-हाती

आमच्या बोलीत काळजाला 'हाती' म्हणतात,
आणि कुणाला जपून जा म्हणायचं असेल
तर तोच शब्द दोनदा.
तारजोनोच्या ट्रकच्या मागच्या फळीवर
मीच रंगवून घेतलंय, पिवळ्या अक्षरांत: हाती-हाती.
ब्रेबेसचा कांदा भरून तो जाकार्ताला जातो,
बावीस वर्षं झाली.
एकदाही कुणाला धडकला नाही.

परवा तेगलच्या सरकारी दवाखान्यात
त्याच्या पोटावर गार लेप फासून
निकेन डॉक्टरीण पडद्याकडे बघत राहिली.
मूत्रपिंड सावळं. ते ठीक.
काळीज मात्र उजळ, पिठूर चांदण्यासारखं.
मला वाटलं, उजळ म्हणजे चांगलं असणार.
"चरबी अशीच दिसते," ती म्हणाली.

तारजोनो ताडकन उठून बसला.
"दारूच्या थेंबाला शिवलो नाही आयुष्यात.
विचारा हिला."
मी मान हलवली.
तिनं मलाच विचारलं,
"चहात साखर किती?"

आता हे कसं सांगायचं?
मातीची पोची, मोगऱ्याचा वास, कपाच्या तळाशी खडीसाखर.
आमच्याकडे ढवळत नाहीत.
आधी कडू प्यायचं, गोड मागून येतं,
संसाराचंही तसंच, असं लग्नात थोरल्या जावेनं सांगितलं होतं.
मला तेवढा धीर नव्हता.
एका खड्याच्या जागी मी चार टाकायची.
रात्रभर स्टिअरिंग धरून आलेल्या माणसाला
पहिला घोट तरी कडू कशाला?

डॉक्टरणीनं कागदावर एक गोदाम काढलं,
ट्रकवाल्याला कळेल असं.
भाताचा माल, साखरेचा माल, तेंपे तळलेल्या तेलाचा माल,
शेवटी ह्याच दाराशी लागतो.
लागेल तेवढा जळतो,
उरल्या साखरेची काळीज स्वतःच चरबी घडवतं.
पोटाच्या कोठारात जागा होती तोवर तिकडे धाडली.
आता कोठारच तुंबलंय,
तिथली चरबी रात्रंदिवस सुटून उलटी इकडे येते.
"आणि इन्सुलिन म्हणजे हा म्हातारा वॉचमन.
कोठाराला ओरडतो, दार लाव, दार लाव.
कोठार ऐकत नाही, म्हणून हा आणखी ओरडतो.
त्या ओरड्यानं इथली चरबीची भट्टी मात्र जास्तच पेटते."
"बाहेर गाड्या सुटत नाहीत?" तारजोनोनं विचारलं.
"सुटतात. आठ रिकाम्या होतात तेव्हा पाच."

तो बराच वेळ कागद बघत राहिला.
"मग गोदामवाला बोंबलत का नाही?"
"आतून काळजाला दुखत नाही," ती म्हणाली.
उभ्या जन्मात असं वाक्य ऐकलं नव्हतं.
माझं तर तिथल्या तिथे दुखलं.

निघताना म्हणाली, वजनाचा दहावा हिस्सा उतरव,
बराचसा माल मागे फिरेल,
रस्ता अजून बंद झालेला नाही.

संध्याकाळी केबिन झाडताना सीटच्या मागे सापडल्या
गोड गार चहाच्या एकोणीस रिकाम्या बाटल्या.
म्हणजे मी एकटी नव्हते तर.
राग आला.
आणि खरं सांगते, थोडं हलकंही वाटलं.

आज पहाटे चारला तो आला.
कांद्याच्या सालींचा वास, डोळे तांबारलेले.
मी कपात एकच खडा टाकला, चहा ओतला.
त्यानं पाहिलं. काही बोलला नाही.
"आला का गोडवा?"
"नाही अजून."
सिमेंटचा ट्रेलर गेला, टपरीवरचे कप थरथरले.
"आता?"
"वारसिना, थांब की जरा."