परागंदा

तिच्या कागदावर एवढंच होतं :
भिवा, वय बावीस, डाव्या भुवईवर व्रण,
गाव बोरगाव, मुलूख मोगलाई.
बंदर मुंबई. पुढं मॉरिशस, ऊस.
तिथं त्याचं नावच आडनाव झालं.
नलिनी भिवाजी, शाळामास्तरीण,
पाच पिढ्यांनंतर माझ्या औशाच्या ओसरीवर बसून विचारते,
कोणतं बोरगाव?

बाई, जिथं बोरी उगवल्या तिथं बोरगाव.
मी चाळीस वर्षं तहसिलीत मोडी वाचली,
भावकीच्या भांडणात मेलेल्यांच्या निशाण्या जुळवल्या,
पण तुमचा माणूस शेतसाऱ्यात नाही,
इनामात नाही, बलुत्यात नाही.

तिसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी,
शेजारचं लेकरू आत-बाहेर, आत-बाहेर करत होतं.
ती हसली. आमच्यात अशाला धोटा म्हणतात.
का ते ठाऊक नाही. आजी म्हणायची.

माझा कप तसाच राहिला.

धोटा म्हणजे माग. माग म्हणजे साळी.
म्हणजे जमीन नाहीच, मोहतर्फा.
त्या बस्त्याला कुणी हात लावत नाही,
तो कर गेला, त्यावर भांडायला कुणी उरलं नाही.
वाळवीनं सोडलेल्या अर्ध्या पानावर, फसली बाराशे पंचाहत्तर :
साळी भिवा वल्द तुका. माग एक. बाकी रुपये दोन, हाली.
आणि पुढं वेगळ्या शाईत एकच शब्द,
परागंदा.

वाचून दाखवला. अर्थ सांगताना अडलो.
पळालेला? पांगलेला? बेपत्ता?
लिहिणाऱ्याला काय ठाऊक,
माणूस बुडाला की पोचला.

पोचला, ती म्हणाली.

त्या जागी आता पिठाची गिरणी आहे.
अन्वर सांगतो, फरशी तीनदा टाकली,
याच कोपऱ्यात खचते, खाली काय आहे कुणास ठाऊक.
मागाचा खड्डा, पाय सोडून बसायचा.
मी बोललो नाही.
तिनं चपला काढल्या,
खचल्या जागेत दोन्ही पाय ठेवले
आणि उभी राहिली, भुवया पांढऱ्या होईपर्यंत.

मग पर्स उघडून विचारलं,
ती बाकी कुठं भरायची?

ते हाली रुपये होते, बाई.
ते आता कुठंच चालत नाहीत.

अन्वरनं पट्टा चढवला.
पुढचं दळण ज्वारीचं होतं.