पंचनाम्यातलं नाव

कोठी कचेरी, दुसरा मजला, खिडकी सात.
दाढ ठणकत होती त्या दुपारी,
केयूरला म्हटलं, एवढे अर्ज पुढे सरकव,
आणि पावतीच्या पाठीवर लिहून दिला
माझा पासवर्ड.

मार्चपर्यंत एक्केचाळीस दाखले निघाले
रात्री अकरानंतर,
बंगलेवाल्यांच्या नावे गरिबीचे.
प्रत्येकाखाली मी.

वसावा साहेब आवाज चढवत नाहीत.
कलम सहासष्ट क. तीन वर्षांपर्यंत कैद,
लाखापर्यंत दंड. हे त्याला.
तुम्हाला, बेन, खात्याची चौकशी,
निलंबन आजपासूनच.
मी विचारते, सही कुठे करू?

मग पंचांसाठी ते पासवर्ड वाचतात,
एकेक अक्षर सुटं करत,
मोठं कुठलं, बारीक कुठलं, मग ॲट, मग शून्य सहा.
इरावती, लिहिणारा म्हणतो. दीकरी?

सयाजी इस्पितळात सहाव्या महिन्यात
जी राहिली नाही, तिचं.
यांनाही ठाऊक नाही मी नाव ठेवलं होतं ते.
रोज दहाच्या ठोक्याला टाइप करायचे,
दहा काळे ठिपके उमटायचे
आणि उघडायचं सगळं,
सातबारा, दाखले, अख्खा तालुका.

कागदावर ती दोनदाच आली.
केयूरच्या पावतीमागे,
आणि आता इथे, गुजरातीत,
दोन पंचांसमक्ष.

शेवटची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ,
लिहिणारा पेन थांबवून विचारतो.

दीर्घ, मी म्हणते.
नीट लिहा.