एक पाय अधांतरी

पहाटे साडेचारला ओतिया मोटरला कान लावतो.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या अंगावर,
मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर,
डोळे मिटलेले.
बाहेर स्वानेतीचे दगडी बुरूज
कमरेपर्यंत बर्फात.

"तीन बेअरिंग खाल्ली हिनं गेल्या हंगामात."
चौथं तिबिलिसीहून आलं, सोबत चिठ्ठी:
वंगण वाढवा.
वाढवलं.
कुरकुर तशीच.

"म्झेखा, फिरते कशी ते मागाहून बघू.
आधी बघ, उभी कशी आहे."

चार पाय, चार बोल्ट.
एकेक सैल करायचा आणि डायलचा काटा बघायचा.
पहिल्याला काटा झोपलेला.
दुसऱ्यालाही.
तिसरा सैल केला
आणि झोपेत कुणी कूस बदलावी तशी
मोटर जराशी उठली.
काटा वीस घरं सरकला.
वीस घरं म्हणजे
पाव मिलिमीटरसुद्धा नाही.

नानुलीच्या खानावळीतलं कोपऱ्यातलं टेबल असंच डुगडुगतं.
त्याखाली लॉटरीचं हरलेलं तिकीट दुमडून घातलंय,
विषय संपला.
इथे मात्र कुणीतरी सात वर्षांपूर्वी
पाना लावून, दात-ओठ खात
तो पाय टेकवला होता,
आणि ही दुखणं अंगावर काढत फिरत राहिली,
मिनिटाला पंधराशे वेळा
तेच गाऱ्हाणं शाफ्टकडे,
शाफ्टनं ते गिअरबॉक्सच्या कानात घातलं,
गिअरबॉक्सनं मोठ्या चाकाच्या,
आणि दोर ते घेऊन
बारा खांब चढायचा,
कप्प्यांचं रबर कुरतडत.
वरच्या खुर्चीत एखाद्या पोराच्या दातांत
ते जरासं वाजायचं.
त्याला वाटायचं, थंडी.

पाचरीसाठी पत्रा कापायला
ओतियानं कात्री उचलली.
पाती एकमेकींवर टिकटिकत राहिली.
एकतीस हिवाळे या यंत्राशेजारी,
बोटांची टोकं मेणासारखी पांढरी.
काही न बोलता त्यानं कात्री
माझ्यापुढे ठेवली.

मी कापली. बोटभर पत्रा,
केसाच्या दोन-तीन पट जाड.
सरकवला. बोल्ट आवळला. पुन्हा सैल केला.
काटा झोपलेला.

मग खटका.
आम्ही दोघंही खोलीत कसलातरी आवाज शोधत राहिलो,
जो रोज असायचा.
टेबलावरच्या चहात
आजवर नुसती वर्तुळं दिसायची,
आज त्यात खिडकी दिसली,
खिडकीत पहिला खांब,
वर मावळायला आलेला चंद्रसुद्धा.

ओतियानं वाकून पाहिलं.
"हं," म्हणाला.
मग दोन्ही हातांनी पेला उचलला
आणि खिडकी मोडली.

मी वहीत लिहायला घेतलं:
तिसरा पाय, वीस, पाचर घातली.
तारीख आठवेना.
तो दारात उभा, टोपी ओढत:
"ते लिही नंतर.
खाली चल.
बर्फ फवारणाऱ्या पंपाखालचं रबर
उंदरांनी खाल्लंय."