नोंदीसाठी मोठ्यानं

आज साक्षीदाराच्या कठड्याला फुगे बांधलेत.
बेलिफ ओर्डाल, ज्याला एकोणीस वर्षांत
मी दोनदाच हसताना पाहिलं,
दाराशी उभा राहून कापडी अस्वलं वाटतोय
आणि प्रत्येक मुलाला विचारतोय, तपकिरी की पांढरं?
जणू कायद्यातला पहिला प्रश्न हाच.

बाहेर डलूथचा नोव्हेंबर,
सरोवरावरचा वारा खिडक्यांना धडका देतोय.
आत केकवरच्या साखरेचा वास.
वर्षातून एक शनिवार हे कोर्ट उघडतं
कुणी कुणावर दावा न लावता.

मी लघुलेखिका. काम सोपं आहे:
जे बोललं जातं ते उतरवायचं.
रडणं उतरत नाही. खुर्ची मागे सरकते, ते उतरत नाही.
शांततेला माझ्या यंत्रावर कळ नाही;
ती मी बोटं हवेत धरून ऐकते.
कुणी नुसती मान डोलावली तर
न्यायाधीश हॅल्वरसन चष्म्यावरून बघत म्हणतात,
"नोंदीसाठी मोठ्यानं बोला."

सकाळपासून सहा घरं झाली.
जुळ्या बहिणी, एकीला न्यायाधीशांचा हातोडाच हवा होता.
मग सतरा वर्षांचा एक मुलगा, टायची गाठ कानाकडे गेलेली.
चार महिने थांबला असता तर
कुणाचीच परवानगी लागली नसती त्याला.
"मग आज का?"
"फॉर्मवर एक ओळ असते," तो म्हणाला,
"अपघात झाल्यास कुणाला कळवायचं. ती भरायचीय."
जसंच्या तसं उतरवलं मी.

सातवं प्रकरण. एमरी, वय आठ.
शेजारी लव्हर्न टिबेट्स, शाळेची बस चालवते.
"एका वर्षात हा मुलगा माझ्या बसमधून
तीन वेगळ्या पत्त्यांवर उतरला," तिनं सांगितलं.
"चौथा विचारायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून..."
"म्हणून?"
"म्हणून माझाच दिला."

न्यायाधीश पुढे वाकल्या.
एमरी, लव्हर्न तुझी आई व्हावी, कायमची,
असं तुला वाटतं का?
त्यानं मान डोलावली.
"बाळा, नोंदीसाठी. मोठ्यानं."

आणि माझी बोटं थिजली.

हीच खोली. हाच कठडा, फुगे नसलेला.
गेल्या वर्षीचा सप्टेंबर. टॅबिथा, वय सव्वीस,
बाह्या ओढून मनगटं झाकलेली.
मुलावरचे सगळे हक्क तुम्ही स्वखुशीनं
सोडत आहात, हे तुम्हाला समजतंय का?
तिनं मान डोलावली.
नोंदीसाठी मोठ्यानं.
स्वखुशी हा शब्द माझ्या यंत्रावर एका दाबात उमटतो.
तिला किती वेळ लागला ते कागदावर कुठंच नाही.
कागदावर ती पुढच्याच ओळीत "हो" म्हणते,
जसं काही तोंडावरच होतं.

"हो," एमरी म्हणाला.
मग, कुणी न विचारता, "पण मधलं नाव तिनं ठेवलंय.
ते राहील ना?"

न्यायाधीशांनी लव्हर्नकडे पाहिलं.
लव्हर्ननं मान डोलावली,
आणि कुणी सांगायच्या आत
बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल
अशा आवाजात म्हणाली, "हो."

टाळ्या. टाळ्यांनाही कळ नाही.

माझ्या लेखी तिन्ही 'हो' सारखेच,
तीच बोटं, तेवढाच दाब.
फायली मात्र वेगळ्या मजल्यांवर ठेवतात,
एकीवर मोहोर मारून, कुलपात.

कळांना कुठूनशी साखर लागली होती, ती पुसली.
आठव्या प्रकरणाचा पुकारा व्हायचा होता.
दाराशी एमरीनं दोन अस्वलं मागितली,
एक तपकिरी, एक पांढरं.
ओर्डालनं दुसरं कुणासाठी ते विचारलं नाही.
विचारलं असतं
तर मला उतरवावं लागलं असतं.