वेंधळी

खंडेराव मार्केटात दर शनिवारी
काळी पडलेली केळी मागणारा मी एकटाच.
"गाय माटे, भाई?" केळीवाला विचारायचा.
"ना, माखी माटे."
पुढं त्यानं विचारणं सोडलं, आणि भावही थोडा सोडला.

मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर.
सायन्स फॅकल्टीच्या मागच्या जिन्याखाली
स्टोव्हवर मी ते ढवळायचो, तळाला लागू न देता,
आणि वर कारखानीसबाई
ईथरनं झोपवलेल्या माश्या
बारीक कुंचल्यानं एकेक करून बाजूला सारत बसायच्या,
तांदूळ निवडावेत तशा.

नळीत दोन वास. एका वासापाशी विजेचा चटका.
साधी माशीसुद्धा तिकडं पुन्हा फिरकत नाही.
पण एका डिसेंबरात
दोनशे सोळा नंबरच्या बाटलीतल्या
चटका खाऊन
परत तिकडंच.
परत तिकडंच.
बाई हसल्या, "अगदीच वेंधळ्या आहेत रे या!"
आणि वहीत पेन्सिलीनं
जनुकाच्या नावापुढं लिहिलं: वेंधळी,
पुढं एक प्रश्नचिन्ह.
ते नंतर कुणी खोडलं नाही, फक्त पुसट झालं.

रजिस्टर पोस्टानं गेल्या त्या,
कापसाचं बूच लावलेल्या नळीतून, सहा-सहा माद्या,
क्योटोला, लुंडला, मॉन्ट्रियलला.
रावपुऱ्याच्या पोस्टात कारकुनानं नळी उजेडात धरून
विचारलं होतं, जिवंत आहेत का.
तिकडं कुणाला तेच अक्षर उंदरात चुकलेलं सापडलं,
कुणाला मेंदूतली ती जागा सापडली
जिथं वाट आठवते.
क्योटोचा एक पाहुणा आला, वाकून म्हणाला,
"वेन्दारी, ही कुठली देवी?"
बाई म्हणाल्या, "घरोघरी असते."

निरोप समारंभात कुलगुरूंनी वाचून दाखवलं:
दोन हजार एकशे चाळीस शोधनिबंधांत उल्लेख.
टाळ्या.
इतक्या ठिकाणी फिरून तो शब्द कुणाला टोचला नाही.
टोचायला मराठी यावी लागते.

सयाजी हॉस्पिटल, खोली अकरा.
दांडिया बाजारच्या मोहिते, आणि त्यांची अन्विता, वय नऊ.
मी फाईल घेऊन दाराशी.
टेबलावर रिपोर्ट, रोमन लिपीत बाईंचा शब्द.
बाईंनी चष्म्याचं घर उचललं
आणि अलगद त्या शब्दावर ठेवलं.

पण आईच म्हणाली,
"काय सांगू, घरात सगळे वेंधळीच म्हणतात हिला.
डबा विसरते, वळण विसरते,
काल शाळेचं दार विसरली, समोर उभी राहून.
मी मारलंय तिला."

खोलीत पंखा होता, त्याचाच काय तो आवाज.

"ती वेंधळी नाही," बाई म्हणाल्या.
तीस वर्षांत मी पहिल्यांदाच
त्यांना स्वतःच्या निबंधाविरुद्ध बोलताना ऐकलं.
"औषध?"
"अजून नाही."
आई रडली नाही. मुलीचा हात हातात घेऊन
तळव्याकडं बघत राहिली,
जिथं पट्टी बसली असेल बहुतेक.

बाईंनी समितीला पत्र धाडलं: नाव बदला.
उत्तर सभ्य होतं.
वाङ्मयात रूढ झालंय, आता अशक्य;
माणसांसाठी मात्र चार अक्षरं आणि एक आकडा आहे, तो वापरावा.
बाईंनी पत्राची घडी केली, डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातली.

आता गुरुवारी अन्विता येते.
रस्ता मी दाखवतो, कालाघोड्यापासून,
दर गुरुवारी नवा.
पांढऱ्या टाइलवर झोपलेल्या माश्या,
तिच्या हातात कुंचला,
आणि केळ्याचा तो वास, जो माझ्या शर्टातून कधी गेलाच नाही.
ती मोजते.
अडतीस. एकोणचाळीस. मग थांबते,
बाईंकडं बघते.
"एकपासून," बाई म्हणतात. "घाई कुणाला आहे?"

एक. दोन.
टाइलच्या कडेला
एका माशीचा पाय हलायला लागलाय.