तवंग

लाँड्री बंद झाली. मालकाने इस्त्र्या विकल्या, हँगर विकले,
मला घ्यायला कुणी आलं नाही.

म्हणून मी उम्म अल क्वैनच्या जुन्या बंदरामागे
या पत्र्याच्या शेडमध्ये. एसी एक, माणसं एकवीस.
मासळीबाजारातून काढलेला तंगराज,
दोन नेपाळी सुतार,
बन्नूचा क्रेनवाला गुलरेझ,
आणि फलाह, जो इथेच जन्मला
पण ज्याच्या नावाचा कागद कुठल्याच देशाकडे नाही.

मोझाबाई शिकवतात.
अबायाखाली गुडघ्यापर्यंत रबरी बूट.
आधी हातमोजे, मनगटावर टेप,
मग पांढरा सूट अंगातून कसा काढायचा:
उशीचा अभ्रा काढतात तसा, उलटा, मळ आत ठेवून.
हे मला पहिल्याच दिवशी जमलं.

भिंतीवर फोटो दाखवला. पाण्यावर रंगीत तवंग.
आमच्याकडे हा रश्श्यावर आला की माणसं भात वाढून घेतात,
मी म्हणालो, मराठीतच. कुणाला कळलं नाही.

शेडमध्ये खरं तेल आणायला मनाई,
म्हणून वाळूच्या परातींत खजुराची काकवी ओतली.
तंगराजने बोट चाटलं.
"मेलास," मोझाबाई म्हणाल्या, "कागदोपत्री."
कितीतरी दिवसांनी एकवीस माणसं हसली.

मग म्हणाल्या, चोळू नका. तुडवू नका.
दाबलेलं तेल खाली जातं
आणि तुमच्या नातवंडांना सापडतं. वरचेवर उचला.

जगबुडीच्या काठी, दगडापाशी उकिडवा बसून
बाप हेच सांगायचा: डाग चोळायचा नसतो, सोपान,
आधी त्याला विचारायचं, कुठून आलास.
अकरा वर्षं मी कंदुऱ्यांवरचे डाग काढले,
कॉफी, केशर, लहान मुलांची ओकारी.
समुद्राला काय विचारायचं ते बापाला माहीत नव्हतं.

ओहोटीला खाडीत नेलं. तिवरं.
चिखलातून बोटांसारखी वर आलेली मुळं,
त्यांतून झाड श्वास घेतं,
एकेक मूळ फडक्याने पुसायचं.
गावी ही आम्ही चुलीत घातली. मी बोललो नाही. पुसत राहिलो.

शेवटच्या दिवशी पक्षी.
पक्षी म्हणजे कापसाचं बदक, काळं माखलेलं,
भांड्यांच्या साबणाने, पिसांच्या दिशेने धुवायचं.
काचेच्या डोळ्यात फेस जाऊ नये म्हणून
गुलरेझने, त्या एवढ्या दांडग्या माणसाने,
तळहात आडवा धरला.

सर्टिफिकेटवर सोपानचं सोबान झालं. अरबीत प नाही.
फलाह म्हणाला, अजून थोडा चुकला असता
तर साबूनच झाला असतास.

काम कधी?
"काही झालं, की फोन येईल."

रात्री धक्क्यावर बसतो. लांब टँकरचे दिवे, ओळीने.
त्यांतला एकेक नीट, शहाण्यासारखा पुढे जातो.
मी मोजतो. कशाची वाट पाहतोय ते
लक्षात आलं की मोजायचं थांबतो,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

खेडवरून बायकोने विचारलं, लागलं का काम?
म्हटलं, अजून कुठे काही सांडलं नाही.
"मग चांगलंच की," ती म्हणाली.
मी हो म्हणालो.
फोन चार्जिंगला लावला,
आवाज मोठा ठेवून.