धूर निळा होईपर्यंत

जुरांदिर भट्टीच्या भिंतीला तळहात लावून सांगतो
आत आग कुठवर पोचलीय.
कारखान्याने दिलेला थर्मामीटर
खिळ्याला टांगलेला असतो, त्याच्या टोपीशेजारी.

आधी पांढरा धूर: तो नुसता पाण्याचा.
मग पिवळट, डोळ्यांत झोंबणारा.
मग निळा, इतका विरळ
की पलीकडचं निलगिरीचं रान
थरथरतंय एवढंच दिसतं.
तेव्हा भोकं लिंपायची. चिखल, हात, चिखल.
एक जरी राहिलं, तर सकाळी राख.

कारखान्याची बाई वही घेऊन येते.
म्हणते, खाणीतला कोळसा जळला की जळला,
तुमचा धूर झाडात परत जातो,
सात वर्षांत.
सात वर्षं जुरांदिरला ठाऊक आहेत:
मीनासच्या या लाल उतारावर रोपं लावली
त्याच आठवड्यात झुल्मिरा झाली,
आता तिचे पुढचे दोन दात पडलेत.

तो एवढंच विचारतो,
खालचा झरा आटला, तो कुठल्या पानावर लिहिता?
बाई पान उलटते.
मग पेनाचं टोपण लावते.

ट्रक भरताना झुल्मिरा
दोन तुकडे एकमेकांवर आपटते.
चांगला कोळसा काचेसारखा वाजतो.
हा वाजला.

रात्री डोंगरामागचं आभाळ तांबडं:
तिकडे लोखंड वितळतंय,
कुणाच्या पुलाचं, कुणाच्या सुरीचं.
इकडे तोडलेल्या बुंध्यांना
बोटभर कोंब.

झोपेत जुरांदिरचा हात दाल्विनाच्या खांद्यावर पडतो.
अजून गरम आहे, ती म्हणते,
आणि तसाच राहू देते.